एक वाजताचं वाचन

"बिंदुजा, यात चूक एकही नाही," माझा कागद हातभर लांब धरून इट्टूप सर म्हणाले. "आणि माणूसही एकही नाही."

वर्गातले अठरा जण हसले. उरलो आम्ही दोघी. मी हसणं शक्य नव्हतं, आणि माझ्या शेजारी बसलेली ट्रीसा हसली नाही. ती हसली असती तर मला सोपं गेलं असतं.

विषय सरांनीच दिला होता: ज्याचं नाव आजवर कधीही छापून आलेलं नाही असा एक माणूस. सर्वांत चांगला उतरेल तो लेख कोट्टयमच्या एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत, लिहिणाऱ्याच्या नावानिशी छापून येणार होता. मी अच्छनवर, म्हणजे माझ्या वडिलांवर लिहिलं होतं. ते चोवीस वर्षं मीनच्चिल नदीची पातळी मोजतायत. आमच्या गावच्या घाटावर, बावीस पायऱ्यांच्या कडेला, पाटबंधारे खात्याची पांढरी इनॅमलची मोजपट्टी उभी आहे. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा, असं दिवसातून तीनदा खाली उतरायचं, पट्टीवर पाणी कुठे टेकलंय ते बघायचं, वहीत लिहायचं आणि ऑफिसला फोन करायचा. खात्याच्या भाषेत याला 'वाचन' म्हणतात. पावसाळ्यात हा आकडा वर्तमानपत्रात सातव्या पानाच्या तळाशी येतो. पुष्पांगदन हे नाव मात्र कधीच आलेलं नाही. विषयात इतका चपखल बसणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला सापडणार नाही, अशी माझी खात्री होती.

"मोजपट्टी कशी वाचावी यावरचं हे उत्तम माहितीपत्रक आहे," सर म्हणाले. "खात्याला दे. ते छापतील."

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी पत्रकारितेच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमाला आले, तेव्हा मला वाटलं होतं की इथे माझ्यासारख्यांची गरज असेल. गरज होती, पण तपासायला. इट्टूप सरांनी तीस वर्षं एका दैनिकाच्या उपसंपादकांच्या टेबलावर काढली होती आणि शिकवायची त्यांची पद्धत त्या टेबलावरूनच आली होती. सगळं हाताने लिहायचं. वर्गात जोड्या करायच्या. एकीने लिहिलेलं दुसरीने तांबड्या पेनाने तपासायचं, कोपऱ्यात आद्याक्षरं घालायची, आणि तपासणारीने जे केलं त्यावर लिहिणारीने सरांपुढे वाद घालायचा नाही. कापायचं ते एकाच बारीक रेघेने. कापलेलं खालून वाचता आलं पाहिजे, नाहीतर कागद परत.

जूनपासून माझी जोडी ट्रीसाशी होती.

ट्रीसा इडुक्कीच्या डोंगरातली. घरी वेलदोड्याची बाग आणि सात भावंडं. इथे ती हॉस्टेलवर राहायची. तिला दिशा कळत नाहीत, आडनावं लक्षात राहत नाहीत आणि आकडे तर ती वाऱ्यावर सोडते. जिल्हा रुग्णालयातल्या एका नर्सवर तिने लिहिलं तेव्हा वॉर्डात चाळीस खाटा आहेत असं ठोकून दिलं होतं. मी फोन करून विचारलं. छत्तीस होत्या. मी रेघ मारली, छत्तीस लिहिलं, कोपऱ्यात बी.पी. घातलं, आणि दुसऱ्या दिवशी तो कागद वर्गातल्या फळ्यावर टाचलेला होता.

फळ्यावर चांगलं तेवढंच लागायचं. जानेवारीपर्यंत तिचे अकरा कागद लागले होते, माझे दोन. त्या दोनांपैकी एक शुद्धलेखनाच्या नमुन्यासाठी होता. एकदा अम्मा दवाखान्याला जाताना वर्ग बघायला डोकावली आणि फळ्यासमोर उभी राहून म्हणाली, "यातलं तुझं कुठलं?" मी ओळीने चार कागदांच्या कोपऱ्यांवर बोट ठेवलं. तिथे मुंगीएवढं बी.पी. होतं. अम्माने चष्मा वर करून चारही कोपरे नीट पाहिले आणि छान आहे म्हणाली.

सरावासाठी आम्ही मृत्यूच्या बातम्या लिहायचो. आमच्याकडे वर्तमानपत्र आलं की ते पान लोक आधी उघडतात. नाव, घराचं नाव, वय, मुलं, सुना, जावई, त्यातलं कोण दुबईत आणि कोण दम्मामला, अंत्यविधी कधी. माझ्या बातम्यांत जावयाच्या नावातली वेलांटीही कधी चुकली नाही. ट्रीसा मात्र त्या घरी जाऊन काहीतरी निरुपयोगी विचारून यायची. म्हातारीला राग कशाचा यायचा, म्हातारा चहात साखर किती घालायचा. साठ शब्दांच्या बातमीत हे बसवायला जागा नसते. तरीही कुठेतरी अर्धी ओळ बसलेली असायची, आणि सर ती मोठ्याने वाचून दाखवायचे.

तिच्या चुकांची मी एक वही ठेवली होती. तारीख, चूक, बरोबर काय. निरीक्षणाची सवय म्हणून ठेवली, असं मी स्वतःला सांगत असे.

अच्छनवरचा लेख मी मनापासून लिहिला होता. एकतीस प्रश्न काढले होते, दोन संध्याकाळी ओसरीवर बसून त्यांना ते विचारले होते. पट्टीचा शून्य कुठे धरतात, पूर आला की दर तासाला वाचन कसं घेतात, लाट असेल तर काय करतात. ते "हो", "नाही" आणि "तसं काही खास नाही" या तीन उत्तरांत एकतीस प्रश्न पार करून गेले. एवढ्या ऐवजावर आणखी काय लिहिणार?

त्या आठवड्याच्या रविवारी ट्रीसा आमच्याकडे जेवायला आली. बोलावणं आधीच दिलेलं होतं, मोडता येत नव्हतं. अम्माने कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, उकडला होता आणि चिंचेसारख्या कुडंपुळीतलं झणझणीत माशाचं कालवण केलं होतं. जेवता जेवता अम्माने तिला घरातली मोठी बातमी सांगून टाकली. चोवीस वर्षं अच्छनची नोकरी 'तात्पुरती' होती आणि आता कायम करायची फाइल हलली होती. त्यासाठी चोवीस वर्षांच्या नोंदवह्या ऑफिसात न्यायच्या होत्या. नोंदीत खंड नाही, खोट नाही, हे दिसलं की सही. मग दोन वर्षांनी निवृत्त होताना पेन्शन तरी हातात पडेल. ऑफिसातला एक साहेब म्हणाला होता की एखादं वाचन जरी बनावट निघालं तरी फाइल परत येईल आणि ती पुन्हा जायची नाही.

"बनावट कसं निघेल," अम्मा कालवण वाढत म्हणाली. "हा माणूस स्वतःच्या लग्नात मांडवातून उठून वाचनाला गेला होता."

हे मला माहीत नव्हतं. एकतीस प्रश्नांत लग्न नव्हतं.

एकच्या वाचनाला ट्रीसा अच्छनबरोबर नदीवर गेली. त्या वाचनाला चार मिनिटं लागतात. जाऊनयेऊन दहा. ती दोघं एक तास वीस मिनिटांनी परत आली. ट्रीसाची सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली होती, ओढणीत घाटावरच्या झाडाचे लाल चांबक्के, म्हणजे जाम, बांधलेले होते आणि अच्छन काहीतरी सांगत होते. चालता चालता, हातवारे करत, सांगत होते. मी पडवीत ताटं विसळत होते. त्यांना हातवारे करताना मी त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं.

बसथांब्यावर ट्रीसाने विचारलं की तू हा विषय सोडणार असशील तर मी लिहू का. मी रागाच्या भरात वर्गातच जाहीर करून टाकलं होतं की आता दुसऱ्याच माणसावर लिहिते. तोंडातून गेलेला शब्द होता.

"लिही की," मी म्हणाले. "मोजपट्टी काय माझ्या मालकीची आहे का."

बारा दिवसांनी, शुक्रवारी दुपारी, तिचे पाच कागद तपासायला माझ्या हातात आले. शनिवारी अकराला सरांना द्यायचे होते. मी ते बसमध्ये उघडले.

लेख चांगला होता. हे वाक्य लिहायला मला आजही वेळ लागला. तिने लिहिलं होतं की पुष्पांगदन शेवटच्या पायरीवर आधी उजवं पाऊल टेकवतात आणि क्षणभर थांबतात, कुणाच्या घरात शिरताना थांबावं तसे. आकडा वहीत लिहिण्याआधी एकदा नदीला ऐकू जाईल असा म्हणतात. पाणी चढत असेल तर आवाज बारीक होतो. मी एकवीस वर्षं त्या माणसाच्या घरात राहिले होते. शेकडो वेळा त्यांच्यामागून त्या पायऱ्या उतरले होते. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं होतं आणि ते तिने एका दुपारीत उचलून नेलं होतं.

चुका होत्या. घाट डाव्या तीरावर घातला होता, तो उजव्या तीरावर आहे. पायऱ्या तेवीस लिहिल्या होत्या. मी समाधानाने दोन रेघा मारल्या आणि चौथ्या पानावर आले.

"चोवीस वर्षांत फक्त एक वाचन खोटं आहे," असा तो परिच्छेद सुरू होत होता. "सात वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, दुपारी एक वाजता पुष्पांगदन नदीवर नव्हते. ते तीस किलोमीटर दूर, एका शाळेच्या सभागृहात, पालकांच्या गर्दीत खांबाआड उभे होते. त्यांची मुलगी परीक्षकांना नदीचा आलेख दाखवत होती. 'ही सगळी वाचनं माझ्या वडिलांनी स्वतःच्या डोळ्यांनी घेतलेली आहेत,' ती म्हणाली, 'एकही अंदाजाने लिहिलेलं नाही.' पुष्पांगदननी घड्याळ पाहिलं. एक वाजून पाच मिनिटं झाली होती."

बस दोन थांबे पुढे गेली तरी मी तेच पान धरून होते.

नववीत मी जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात भाग घेतला होता. अच्छनच्या वह्यांमधून दहा वर्षांची पातळी काढून सहा फूट लांबीचा आलेख केला होता. दुसरा क्रमांक मिळाला. इतर मुलींचे वडील बक्षीस घेताना फोटो काढत होते. माझे आले नव्हते. त्यांना वाचन असतं ना, असं अम्मा म्हणाली होती, आणि मी महिनाभर त्यांच्याशी मोजकंच बोलले होते. ते आले नाहीत हे मी गेली सात वर्षं एखाद्या तपासलेल्या आकड्यासारखं मनात ठेवलं होतं.

ते आले होते. आणि हे त्यांनी ट्रीसाला सांगितलं होतं.

घरी पिशवी टाकून मी थेट घाटावर गेले. सहाच्या वाचनाला अच्छन उतरतच होते. लुंगीसारखा मुंडू गुडघ्यावर दुमडलेला, खिशात वही. त्यांनी शेवटच्या पायरीवर आधी उजवं पाऊल टेकवलं आणि थांबले. मग वाकून पट्टी पाहिली आणि पाण्याला म्हणाले, "झिरो पॉइंट चौऱ्याऐंशी." तिने लिहिलं होतं तसंच. मला त्याचाही राग आला.

त्यांनी लिहून होईपर्यंत मी थांबले आणि म्हणाले, "सतराव्या प्रश्नाला तुम्ही नाही म्हणालात."

"कुठला सतरावा?"

"एखादं वाचन कधी चुकलंय का."

ते पायरीवर बसले. पाय पाण्यातच होते. "हातात पेन धरून विचारलंस ना तू ते. पेन दिसला की माणूस ऑफिसला देतो तेच उत्तर देतो."

"आणि ट्रीसाने कसं विचारलं?"

"तिने कुठे काय विचारलं. ती चांबक्के धूत होती."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं, पण आता ते मला दुसऱ्यांदा कळत होतं. त्या दिवशी आठचं वाचन घेऊन त्यांनी बस पकडली होती. सहाच्या आत परतायचं म्हणून बक्षीस वाटायच्या आधी निघाले. सकाळी दोन पॉइंट एकतीस होतं, संध्याकाळी दोन पॉइंट पंचवीस. मधल्या रकान्यात त्यांनी दोन पॉइंट अठ्ठावीस टाकलं. मी मनातल्या मनात हिशेब केला. उतरतं पाणी होतं, पाऊस नव्हता. अठ्ठावीस बरोबरही असू शकेल, मी म्हणाले.

"असेल," ते म्हणाले. "पण बघितलं नव्हतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू तिथे काय बोललीस ते मी ऐकलं होतं, पोरी."

पलीकडच्या काठाला कुणीतरी म्हशीला हाका मारत होतं. अच्छननी विचारलं, ती पोरगी चांगलं लिहिते का. मी हो म्हणाले. तुझ्यापेक्षा, असं त्यांनी विचारलं. ते डिवचत नव्हते. वाचन विचारावं तसं विचारत होते. मी पट्टीकडे बघत हो म्हणाले. हे मी याआधी मोठ्याने कुणालाच सांगितलेलं नव्हतं, वहीलासुद्धा नाही.

परिच्छेद छापून आला तर फाइलचं काय होईल, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. तो काढू का, असं मी विचारलं.

"तपासायचं काम तुझं ना?" ते उठले आणि मुंडू झटकला. "मग तुला दिसेल तसं कर."

शनिवारी सकाळच्या बसमध्ये मी कागद मांडीवर घेतले. तो परिच्छेद कापायलाच हवा होता, यात शंका नव्हती. शंका वेगळीच होती. तो कापला की लेखाचा कणा जात होता. उरला असता एक साधा बरा लेख, फळ्यावर लागणारा, पण ज्याची आठवण दुसऱ्या आठवड्यात राहणार नाही असा. आणि पेन हातात घेतल्यावर मला बरं वाटत होतं. कशामुळे बरं वाटतंय ते मला वेगळं काढता येईना. प्रयोगशाळेत अशा वेळी आम्ही कोरी चाचणी घ्यायचो. सगळं तेच, फक्त ज्याचा संशय आहे तो पदार्थ सोडून. हेव्याचा थेंबही नसलेली दुसरी एखादी बिंदुजा शेजारच्या सीटवर हवी होती. तिनेही कापलं असतं तर मी निर्धास्त झाले असते.

मी एक बारीक रेघ मारली. मंगळवार गेला, सभागृह गेलं, खांब गेला, घड्याळ गेलं. पहिलं वाक्य उरलं. ते काढलं तर आधीचा आणि नंतरचा परिच्छेद जोडले जाईनात. म्हणून मी 'फक्त एक' कापून वर 'एकही' लिहिलं आणि शेवटी 'आहे'च्या जागी 'नाही' केलं.

चोवीस वर्षांत एकही वाचन खोटं नाही.

कोपऱ्यात मी बी.पी. घातलं.

वर्गाच्या इमारतीखाली चहाचं एक दुकान आहे. ट्रीसा तिथे केळ्याची भजी खात बसली होती. मी कागद तिच्यापुढे ठेवले. तीर, पायऱ्या, सगळं तिने भराभर पाहिलं. चौथ्या पानावर मात्र ती बराच वेळ थांबली. बोटांचं तेल तिने वर्तमानपत्राच्या तुकड्याला पुसलं.

"कापशील असं वाटलंच होतं," ती म्हणाली.

मी तपासायला नसते तर तू हे छापायला दिलं असतंस का, असं मी विचारलं.

"दिलं असतं," ट्रीसा म्हणाली. "लेखाला तेच हवं होतं. पण मध्ये तू आहेस हे मला माहीत होतं ना." मग तिने माझ्या वाक्यावर बोट ठेवलं. "कापलंस ते ठीक. पण हे काय लिहिलंस?"

"जोड नीट बसत नव्हता."

"छत्तीस खाटा मोजायला तू रुग्णालयात फोन केला होतास. आता हे कुणाला फोन करून विचारलंस?"

तिने उरलेलं अर्धं भजं माझ्याकडे सरकवलं.

"ती वही काढ," ती म्हणाली. "आज तुझ्या नावावर एक लिही."

वहीबद्दल तिला माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. तिला सगळंच न विचारता कळतं, आणि त्या क्षणी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा फळ्यावरच्या अकरा कागदांनी मिळूनही वाटला नव्हता.

वर इट्टूप सरांनी लेख दोनदा वाचला. चौथं पान त्यांनी खिडकीपाशी नेऊन रेघेखालचं सगळं वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे वाक्य तुझं, बी.पी.?"

"हो सर."

"तपासलंयस?"

ट्रीसा शेजारीच उभी होती. नियमाप्रमाणे ती गप्प होती.

"हो सर," मी म्हणाले.

लेख पुढच्याच्या पुढच्या रविवारी आला. उत्तरेकडच्या बऱ्याच लेखांपेक्षा तो चांगला होता, असं सर म्हणाले, म्हणजे काय ते कुणालाच कळलं नाही. वर ट्रीसाचं नाव ठळक अक्षरात होतं आणि दुसऱ्या ओळीत अच्छनचं. अम्माने सकाळी सातलाच पुरवणी ताब्यात घेतली. ती शेजारच्या वल्सलाचेच्चीकडे गेली, तिथून दूध सोसायटीत, तिथून ग्रंथालयात. ग्रंथालयात ती पुरवणी आधीच येते हे तिला कुणी सांगायला धजावलं नाही. ज्याच्यावर लेख होता त्याच्या हाती तो दुपारी बाराला पडला. तोवर पुरवणीच्या घड्या झिजल्या होत्या.

अच्छन ओसरीवर बसून वाचू लागले. ते ओळीखाली बोट धरून वाचतात. उजव्या पावलापाशी ते हसले. बावीस पायऱ्यांपाशी त्यांनी मान डोलवली. चौथ्या रकान्यात बोट थांबलं.

"हे त्या पोरीचं वाक्य नाही," ते म्हणाले.

"माझं आहे."

त्यांनी पुरवणी घडी करून बाजूला ठेवली आणि ते आत गेले. सोमवारी ऑफिसात न्यायच्या वह्या अम्माने एका जुन्या साडीत बांधून दाराशी ठेवल्या होत्या. त्यांनी गाठ सोडली. सात वर्षांपूर्वीची वही वरून सातवी होती. पानं उलटायला त्यांना फार वेळ लागला नाही. ते पान त्यांनी याआधीही उघडलेलं असणार.

"तुझा तांबडा पेन दे," ते म्हणाले.

अम्मा स्वयंपाकघराच्या दारात आली. पान कुठलं आहे ते तिला ठाऊक नव्हतं, पण पेन तिने पाहिला. उद्या वह्या द्यायच्यात आणि आज काय काढलंय हे, असं ती म्हणाली. मी पिशवीतून पेन काढून दिला. द्यायला नको होता की काय, हे मला आजही सांगता येत नाही.

त्यांनी वही मांडीवर सपाट केली. दुपारी एकच्या रकान्यात, दोन पॉइंट अठ्ठावीसवर, एक बारीक रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'वाचन घेतले नाही'. त्याखाली आजची तारीख घातली. मग आद्याक्षरं. खात्याचा नियमही सरांसारखाच आहे, हे मी माझ्या लेखात लिहिलं होतं, तिसऱ्या परिच्छेदात. ते कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

त्यांनी वही हातभर लांब धरली, मग माझ्यापुढे केली.

"खालचा आकडा वाचता येतोय ना?"

मी वाकून पाहिलं. "येतोय."

त्यांनी शाईवर फुंकर मारली, वही इतर वह्यांत जिथली तिथे घातली आणि साडीची गाठ पुन्हा मारली. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला दहा मिनिटं होती. त्यांनी या वर्षीची वही खिशात घातली, मुंडू दुमडला आणि ते घाटाकडे निघाले. पेन ओसरीवर, पुरवणीवर पडलेला होता. मी तो तिथेच राहू दिला आणि त्यांच्या मागून पायऱ्या उतरू लागले.